बैलाच्या आधी

डबा मांडीवर घट्ट धरून बसा. वाटेत तो हलका होत जाणार आहे आणि त्याला इलाज नाही.

निघण्यापूर्वी एकदा उघडून बघा. वरच्या खणात भाजलेल्या चिकनच्या फोडी आणि दोन उकडलेली अंडी. मधल्या खणात खोबरेल तेलावर परतलेली ब्रोकोली, गाजर, टोमॅटो. खालच्यात बदाम, काजू आणि अर्धा अ‍ॅव्होकॅडो, जो खिशाला परवडत नाही पण तक्त्यात आहे म्हणून आणलाय. पोळी नाही, भात नाही, वरण नाही, दही नाही, साखर तर नाहीच. महिनाभर पॅलिओ करून बघायचं तुम्ही ठरवलंत. जिममधल्या ट्रेनरने तक्ता दिला, आईने तोंड वाकडं केलं, आणि संध्याकाळी चहाच्या वेळी डोकं ठणकायला लागतं ते वेगळंच. तक्त्याच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय की गुहेतल्या माणसाने जे खाल्लं नाही ते आपण खायचं नाही. तेव्हा त्याच्याकडेच जेवायला जाऊन यावं, हे उत्तम.

गाडी उलटी धावते. सुरुवातीचे थांबे स्वीडनमधले आहेत आणि ते तुमच्या बाजूने बोलतात. उमेओ विद्यापीठात रजोनिवृत्ती झालेल्या ७० स्थूल बायकांवर दोन वर्षं प्रयोग झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना पॅलिओ, अर्ध्यांना तिकडच्या सरकारी शिफारशींप्रमाणे जेवण. सहा महिन्यांनी पॅलिओवाल्यांची चरबी जास्त उतरलेली होती. चोवीस महिन्यांनी चरबीच्या हिशेबात दोन्ही गटांत फरक उरला नाही. जरा मागे, २००७ मध्ये, लुंड विद्यापीठाच्या स्टाफान लिंडेबर्ग यांनी हृदयविकार आणि वाढलेली रक्तशर्करा असलेल्या २९ रुग्णांना १२ आठवडे दोन प्रकारचं जेवण दिलं. भूमध्य सागराकडच्या धर्तीवर जेवणाऱ्यांपेक्षा पॅलिओ जेवणाऱ्यांची साखर जास्त आटोक्यात आली. म्हणजे थोड्या दिवसांपुरता हा प्रकार अगदीच वाया नाही. बिस्किटं, फरसाण, पाव आणि साखर बंद झाली की अंग हलकं होणारच. त्यासाठी गुहेची साक्ष काढायलाच हवी असं नाही, पण कुणाला त्याशिवाय नेट येत नसेल तर काढावी बापडी.

पुढचे तीन थांबे अमेरिकेत, आणि तिथे गंमत आहे. २००२ मध्ये कोलोरॅडोतले प्राध्यापक लॉरेन कॉर्डेन यांचं पुस्तक आलं, ज्याच्या नातवंडांपैकी एक म्हणजे तुमचा तक्ता. १९८५ मध्ये अ‍ॅटलांटाच्या एमरी विद्यापीठातले बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर ही जोडी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात अश्मयुगीन पोषणावर लेख लिहिते. त्यांच्या अंदाजातल्या माणसाच्या पोटात ३५ टक्के मांस आणि ६५ टक्के झाडपाला, फळं, कंद. १९७५ मध्ये सिएटलचे पोटाचे डॉक्टर वॉल्टर व्होएग्टलिन यांनी त्याच माणसाला जवळजवळ पक्का मांसाहारी ठरवलेलं दिसतं. तीन थांबे आणि तीन ताटं. ज्याला जसं जेवायचं होतं तसा पूर्वज भेटत गेला.

आता डब्याकडे लक्ष द्या, कारण गाडी वेग घेते. पोर्तुगीज गलबतं किनाऱ्यावरून उलट्या पावली निघून जातात आणि त्यांच्याबरोबर तुमचे काजू जातात, टोमॅटो जातो; अ‍ॅव्होकॅडो तर त्यांच्याही आधीच गेलेला असतो. ही सगळी अटलांटिकपलीकडची मंडळी. आपल्या रश्श्यातली मिरची आणि उपासाचा बटाटाही त्यांच्याच पाठोपाठ निघाले, पण ते आज डब्यात नव्हते. गाजराचा केशरी रंग उतरतो, ते जांभळं-पिवळं होतं, मग बारीक, कडक, तोंड कडू करणारं मूळ होऊन दिसेनासं होतं. ब्रोकोलीचा गड्डा आक्रसत जातो. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ही ब्रोकोली, सगळी एकाच रानरोपाची माणसाने घडवलेली रूपं. अजून मागे गेलात की समुद्रकाठच्या खडकांत वाढणारा जाडसर पानांचा तो मूळ पाला तेवढा उरतो. साडेतीन हजार वर्षांच्या आसपास चिकनच्या फोडी फडफडतात आणि आग्नेय आशियाच्या जंगलात उडून जातात. अंडी त्यांच्याबरोबर गेली. रानकोंबडी वर्षातून थोडेच दिवस अंडी घालते, आणि ती तुमच्या न्याहारीसाठी घालत नाही.

उरले बदाम. पाच हजार वर्षं ओलांडली की तेही उलटतात. एक तोंडात टाकून बघा. थुंका, लगेच थुंका. रानबदामात अमिग्डालिन असतं, चावल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. गोड बदाम म्हणजे हजारो झाडांतलं एखादं चुकार झाड, जे कुणीतरी हेरून जपलं आणि वाढवलं. तुमच्या तक्त्यात ‘नैसर्गिक स्नॅक’ म्हणून ज्याची नोंद आहे तो असा शेतकऱ्याच्या निवडीतून आलेला आहे.

मग नांगर जातो. बैल जोखडातून सुटतो. त्याच्याही मागे गहू-जवाची पहिली शेतं पुसली जातात, शेळ्यामेंढ्या डोंगरात पांगतात. खिडकीबाहेर आता कुठेच बांध नाही. तुम्ही तक्त्याच्या हद्दीत शिरलात, आणि डबा रिकामा आहे.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडेच उतरू या की. खानदेशात चाळीसगावजवळ पाटणे म्हणून गाव आहे. २५ हजार वर्षांपूर्वी तिथे माणसं राहत होती आणि त्या काळी आपल्या महाराष्ट्रात शहामृग धावत होते. त्यांच्या अंड्यांच्या जाड टरफलांचे मणी पाटण्याच्या उत्खननात मिळाले, एका तुकड्यावर तर नक्षी कोरलेली आहे. मोह पडावा असंच ठिकाण आहे. पण जेवायला जायचं तर जिथली उष्टीखरकटी टिकून राहिली त्या घरी जावं. पाला आणि दाणे सहसा कुजून जातात, हाडं आणि दगड मागे राहतात, आणि म्हणूनच अश्मयुगातला माणूस आपल्याला इतका मांसखाऊ वाटत आला. एका ठिकाणी मात्र वस्ती जळली, पाठोपाठ सरोवराचं पाणी चढलं, आणि जळके दाणे चिखलाखाली हवेवाचून जसेच्या तसे राहिले. १९८९ मध्ये दुष्काळाने पाणी खाली गेलं तेव्हा ते उघडे पडले. हैफा विद्यापीठाचे दानी नादेल यांनी तिथे वर्षानुवर्षं खणलं. येशूच्या कथांतलं गालिलीचं सरोवर, त्याचा नैर्ऋत्य काठ. आजच्या नकाशावर इस्रायल, उत्खननाच्या कागदांवर ओहालो दोन. काळ २३ हजार वर्षांपूर्वीचा.

उतरा.

पहिल्यांदा थंडी लागते. हिमयुग ऐन भरात आहे, वसंत सरत आला तरी पहाटेचा वारा हाडात शिरतो. मग वास येतो. चिखल, धूर आणि मासळी. गुहा शोधू नका, इथे गुहा नाही. पाण्याच्या काठावर सहा झोपड्या आहेत, लांबट गोल, वाळुंज, झाऊ आणि ओकच्या फांद्या वाकवून वर पालापाचोळा लावलेल्या. बाहेर चुली धुमसताहेत. एका बाजूला जमिनीत एक पुरुष पुरलेला आहे, गुडघे दुमडून, डोक्याखाली दगड घेऊन. मेला तेव्हा पस्तिशी-चाळिशीत होता. काटक, धडधाकट पूर्वजाचं जे चित्र तुमच्या जिमच्या भिंतीवर रंगवलंय, त्याचं वय साधारण एवढंच आहे.

भूक लागलीय ना? लागणारच. पहिला घास मासळीचा. दोन पोरं कमरेइतक्या पाण्यातून जाळं ओढत येतात. जाळं पिळलेल्या धाग्यांचं आहे आणि खालून ताणून धरायला खाच पाडलेले दगड बांधलेत. धाग्यांचे तीन जळके तुकडे आणि असे दगड उत्खननात सापडले आहेत, म्हणून हे दृश्य मी तुम्हाला बिनधास्त दाखवतोय. जाळ्यात चकाकतंय ते ओळखीचं वाटेल. कटल्याच्या कुळातले मासे आहेत आणि उजनीच्या काठी ज्याला चिलापी म्हणतात त्याचे सख्खे भाऊबंद आहेत. निखाऱ्यावर टाकलेला मासा हातात येतो तेव्हा बाहेरून कोळसा आणि आत काट्याजवळ गुलाबी. मीठ नाही. लिंबू नाही. हळद-तिखटाचं तर विचारूच नका. तरी तुम्ही तो संपवता आणि बोटं चाटता. पॅलिओचा विजय असो.

इथपर्यंत तक्ता आणि तुम्ही एकाच मताचे आहात. पण कुणीतरी तुम्हाला हाताला धरून पहिल्या झोपडीत नेतं, आणि तिथे अडचण होते.

आत वाकून शिरावं लागतं. दाराशी, उजेडात, एकजण गारगोटीच्या ढलप्या काढत बसलाय. टक, टक, टक. मधल्या चुलीभोवती गवताच्या काड्या व्यवस्थित अंथरल्या आहेत, वर मातीचा पातळ थर देऊन त्या दाबल्या आहेत. हे अंथरूण. आणि उत्तरेच्या कोपऱ्यात, जमिनीत खालून दगडांची टेकणं देऊन पक्का बसवलेला, एक पाटा. काळा, खरखरीत बेसाल्टचा. सह्याद्री ज्याचा झालाय तोच दगड, आपल्याकडच्या स्वयंपाकघरातल्या पाट्याचाही तोच. त्यापुढे एक म्हातारी गुडघे टेकून बसलीय. तिच्या बाजूला एक ढीग आहे. तुम्ही नीट बघता.

जव आहेत. बारीक, लांबट, कुसळं जळून गेलेले रानजव. त्यात रानगहूही आहे, आपण ज्याला खपली म्हणतो त्याचा मूळपुरुष. या पाट्याच्या खाचांतून संशोधकांनी पिष्टाचे कण काढले आणि सूक्ष्मदर्शकाखाली जव ओळखला. शंकेला जागा फारशी नाही. शेती रुजण्याच्या अकरा-बारा हजार वर्षं आधी ही बाई दळतेय.

ती पिठाचा एक जाडसर, राखेत माखलेला, अर्धवट करपलेला तुकडा तुमच्यापुढे धरते. बाहेर काही दगड मांडून तापवलेले आहेत, त्यावर भाजला असावा. आणि तुम्ही, २३ हजार वर्षं प्रवास करून आलेले पाहुणे, हात हलवून नको म्हणता.

तिला कळत नाही. ती पुन्हा पुढे करते. तुम्ही पोटावर हात ठेवता, तोंड वाईट करून दाखवता. धान्य चालत नाही, ग्लूटेन, पूर्वज खात नव्हते, वगैरे खुणांनी सांगणं अवघड असतं. झोपडीतले सगळे बघायला लागतात. गारगोटी फोडणाऱ्याचा हात थांबतो. आजारी आहे वाटतं, असा काहीतरी निष्कर्ष निघतो आणि एक बाई तुमच्या कपाळाला हात लावते.

आता नेमकी तुमची आजी आठवते. भाद्रपदातली शुद्ध पंचमी, गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी. ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी ती खात नसे. परसात हाताने लावलेलं चाले, आपोआप उगवलेलं चाले. अळू, माठ, सुरण, पडवळ, भेंडी, लाल भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे, सगळं एका पातेल्यात शिजवून ऋषीची भाजी. आणि कोकणातून कुणी आणला असेल तर देवभात, पाणथळीत कुणी न पेरता, न लावता येणारा. तुम्ही शहाणपणाने तिला सांगितलंही असेल की आजी, मका आणि भोपळा अमेरिकेतून आलेत. तिला त्याचं काय? तिचा नियम वयाचा नव्हता, बैलाचा होता.

तिचाही हा आहार अल्पकाळाचाच असे, वर्षातून एक दिवस. तिने रेघ ओढली ती नांगरापाशी. तुमच्या तक्त्याने ओढली दाण्यापाशी. या झोपडीत उभं राहून दोन्ही रेघा बघा. म्हातारीच्या ढिगात गहू आहे, जव आहे आणि नांगर दूरदूर नाही. बैल आहे, पण तो पलीकडच्या रानात, धिप्पाड, मोकळा, ज्याच्या जवळ जायची हिंमत इथले शिकारीही क्वचितच करतात. हा देवभातच की. आजी इथे मुकाट्याने जेवली असती.

तेव्हा घ्या तो तुकडा. दाताखाली दगडाची कचकच लागते, सावकाश चावा. पहिल्यांदा राख, मग कडवट भाजका वास, आणि चावत राहिलात की हळूच गोडी. ती गोडी तुमच्या लाळेची करामत आहे. लाळेतलं अमायलेज पिष्टाची साखर करतं, आणि त्यासाठीच्या जनुकाच्या चिंपांझीकडे दोन प्रती असतात, माणसाकडे सहसा त्याहून बऱ्याच जास्त. पिष्ट खायची तयारी तुमचं अंग फार आधीपासून करत आलंय. आणि डाळीचं दुःख करत असाल तर इराकच्या कुर्दिस्तानातल्या शनिदार गुहेत ७० हजार वर्षांपूर्वी निअँडरथल मंडळी रानटी कडधान्यं भिजवून, ठेचून, त्याचं काहीतरी रांधत होती. जळके तुकडे आहेत त्याचे. तिथे जायला आज वेळ नाही.

दुपारी गलका होतो. शिकार आली. आपल्या चिंकाऱ्याच्या कुळातलं गझेल, खांद्यावर टाकून आणलेलं. तुमचे डोळे चमकतात: प्रथिनं! वाटणी मात्र तुमच्या अपेक्षेप्रमाणे होत नाही. काळीज आणि मेंदू आधी संपतात. हाडं दगडाने फोडून नळीतला मगज चोखला जातो, त्यावरून पोरांत थोडी झोंबाझोंबी होते. चरबीचा जेवढा म्हणून अंश आहे तो पळतो. पाठीमागे राहतं ते कोरडं, तंतुमय, चरबी नसलेलं मांस, आणि ते पाहुण्याला देतात. जिमच्या कँटीनमध्ये सर्वांत महाग मिळतो तो भाग. त्यांचं गणित चुकलेलं नाही. नुसत्या कोरड्या मांसावर माणूस फार दिवस तगत नाही, यकृताला एवढी प्रथिनं झेपत नाहीत. हिवाळ्यातून निघालेलं जनावर आधीच खंगलेलं असतं, अशा दिवसांत चरबी आणि पीठ हेच खरं धन.

आणि रोज गझेल येतं असंही नाही. उद्या कासव असेल, परवा ससा, तेरवा कोल्हासुद्धा. पाणपक्ष्यांना तर इथे गणती नाही. ऐंशीवर जातींच्या पक्ष्यांची हाडं या वस्तीत मिळाली, सर्वांत जास्त तुरेवाल्या पाणडुबीची. ती चवीला चिखलासारखी लागणार, हा माझा कयास, पुरावा नव्हे.

पोट भरलंय तर जरा हिंडून या. एक पोरगी तुमच्या पुढे चालतेय आणि दर दहा पावलांवर वाकून काहीतरी खुडतेय. पाला तोंडात, बी ओंजळीत. मोठ्या दाण्यांचे जव सगळ्यांनाच आवडतात, पण तिच्या ओंजळीत मोहरीहून बारीक दाण्यांचं गवताचं बीसुद्धा आहे. हे कोण खाणार? हेच खातात, हजारोंनी सापडलंय. झुडपांत रानद्राक्षं लागायची आहेत, अंजीर अजून हिरवं आहे, पिस्ते आणि ओकची फळं शरदात येतील. आणि त्या काटेरी झाडाकडे बघा. बोर! अगदी आपलं नव्हे, त्याची चुलत बहीण, पण फांदीचा तोच काटा आणि फळात तीच आठळी. या लहानशा वस्तीच्या जमिनीतून वनस्पतींच्या १४० हून अधिक जाती ओळखल्या गेल्या. सगळ्याच खाण्यासाठी आणल्या नसतील, काही सरपणाच्या, काही अंथरुणाच्या, काही तणाच्या. तरी तुमच्या डब्यातल्या मोजा. ब्रोकोली, गाजर, टोमॅटो, बदाम, काजू, अ‍ॅव्होकॅडो, आणि खोबरेल धरलं तर नारळ.

तुमच्या तक्त्याची पहिली ओळ ‘हे वर्ज्य’ अशी सुरू होते. या पोरीला वर्ज्य हा प्रकारच ठाऊक नाही. विषारी ते सोडायचं किंवा भाजून, भिजवून, ठेचून त्याचं विष काढायचं, बाकी जे हंगामात असेल ते पोटात. वर्षभर इथे कुणी ना कुणी राहतं, म्हणून चैत्रातलं बीही सापडतं आणि हिवाळी पाहुण्या पक्ष्यांची हाडंही. यातला आहार काढून तक्ता बनवायचा तर तो भिंतीवर मावणार नाही आणि दर पंधरवड्याला बदलावा लागेल. यापेक्षा जास्त पॅलिओ जेवण तुम्हाला आषाढ-श्रावणात डहाणू-जव्हारच्या बाजारात मिळेल, वारली बायकांच्या पाटीत: शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, कंद. ऑनलाइन मिळणाऱ्या बदामाच्या पिठाच्या केकात मिळणार नाही. हे जरा टोचून बोलणं झालं, पण त्या केकाची किंमत बघितल्यावर राहवत नाही.

वस्तीच्या कडेला एक तुकडा आहे तिकडे पोरगी तुम्हाला नेत नाही, तुम्हीच थबकता. जमीन तुडवलेली, उकरलेली, आणि त्यात जव जरा दाट उभे आहेत. मधेमधे तण, तेच तण जे पुढे शेतांत माजतं. २०१५ मध्ये एका संशोधकगटाने इथल्या दाण्यांचे देठ आणि तणांच्या बिया तपासून म्हटलं की या लोकांनी थोडंफार पेरून बघितलं असावं. सगळ्यांना ते मान्य आहे असं नाही. खरं असेल तर ही पेरणी बहुधा हाताने मूठभर दाणे फेकून झाली असेल, कदाचित याच पोरीच्या आजीने केली असेल, आणि पुढे फार काळ त्याचं काही झालंही नाही. दाण्याशी ओळख आहे, पेरण्याची हौस आहे, पण जुंपलेलं कुणी नाही.

जुंपलेलं कुणी नाही म्हणजे काम नाही असा अर्थ घेऊ नका. ते आता तुमच्या ध्यानात येईल, कारण जेवून झालंय आणि फुकट जेवायला इथे कुणी येत नाही.

ओंब्या कापायला नेतात. रानजव पुरता पिकू द्यायचा नसतो, पिकला की त्याचे दाणे आपोआप सुटून मातीत पडतात, तेव्हा हिरवट असतानाच गाठायचा. गारगोटीच्या पात्याने कापा, नाहीतर हाताने ओरबाडा. कुसळं बाहीत शिरतात, मानेत शिरतात, आणि एकदा शिरली की मागे येत नाहीत, पुढेच सरकतात. वाकून कंबर लागते. सूर्य कलेपर्यंत जेवढं जमतं ते कातड्यावर पसरतात आणि तुम्हाला वाटतं खूप झालं. मग ते परततात, कुटतात, वाऱ्यावर धरतात. तूस दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं, तुमच्या घरी खपली सडायला जो वेळ लागतो तो गिरणीत लागतो म्हणून तुम्हाला माहीत नाही. पाखडून झाल्यावर पाच-सहा ओंजळी उरतात. झोपडीत तोंडं किती आहेत ते एकदा मोजा.

सकाळी तुम्हाला पोळी सोडल्याचा अभिमान होता. संध्याकाळी तुम्हाला समजतं की पोळी इथे कुणी सोडत नाही, ती मिळतच मुळी इतकी थोडी की सोडायचा प्रश्न येत नाही. सहा महिन्यांत स्वीडनच्या बायकांची चरबी का उतरली आणि दोन वर्षांत फरक का पुसला गेला, याचं आहारशास्त्रातलं उत्तर लांबलचक आहे. कुसळं टोचत असताना सुचणारं उत्तर आखूड आहे: त्यांच्याकडे गिरणी होती आणि कोपऱ्यावर दुकान होतं.

परतीच्या गाडीला अजून अवकाश आहे. अंधार पडतो, चुलीवर झाऊचा फाटा टाकतात, उजेड होतो. म्हातारी पाट्यावरून बाजूला सरकते आणि गुडघ्याने जागा दाखवते. तुम्ही मागे बघता, दुसऱ्या कुणाला बोलावलं असेल म्हणून. मागे कुणी नाही. बसता. वरवंटा हातात येतो तो वाटला त्याहून जड आहे. मूठभर दाणे टाका, पुढे रेटा, मागे ओढा. दाणे पळतात, ती ते बोटाने परत आत लोटते. खांदे भरून येतात, तळहाताला फोड धरतो, आणि जिमच्या कुठल्याही यंत्रावर न दुखलेला पाठीचा एक स्नायू आपलं नाव सांगतो. बऱ्याच वेळाने पाट्याच्या कडेला पिठाची एक बारकी रास होते.

ती चिमूट उचलते, अंगठ्या-बोटात चोळते, जिभेवर ठेवते. झोपडीतले सगळे वाट बघताहेत. जाड आहे. ती सगळं पीठ परत पाट्याच्या मधोमध सारते, तुमच्या कोपराला ढोसते, आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून दळायला घेता.